चार फूट उंच

आमचं घर माझ्या नवऱ्याच्या हुशारीनं गेलं, हे मी आधीच स्पष्ट सांगून टाकते. किलावेआ ज्वालामुखीचं नुसतं निमित्त झालं.

राजाराम मूळचे नागपूरचे सर्व्हे इंजिनिअर, नोकरी हवाईतल्या हिलो गावात. तिथून तासाभरावर, समुद्राजवळ त्यांनी अर्धा एकर घेतला. आमच्या दोन्ही घराण्यांत कुणाच्या नावावर वावर सोडा, अंगणही नव्हतं. बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांनी खरेदीखत फ्रेम करून लावलं, त्या दिवशी मी ढसाढसा रडले.

१९८६च्या नोव्हेंबरात लाव्हा उतरला. हा डोंगर धडाडून फुटत नाही, उतू जातो. रस पसरतो, वर काळी साय धरतो, थांबतो, पुन्हा सरकतो. शेजारच्या कानोआकाकांनी आपलं लाकडी घर जॅकनं उचलून ट्रेलरवर चढवलं. "उद्या तुमचंही नेतो," म्हणाले, "रस्ता आहे तोवर."

राजारामांनी मोजमाप केलं. "अंजना, आपला प्लॉट फोर फीट वर आहे. लाव्हा उतारानंच जाणार. मी ट्रेलर कॅन्सल केला."

"अहो, निदान घर तरी वाचवा!"

"घर नेलं म्हणजे जमीन सोडली. आपण नाही सोडायची."

मी गप्प बसले. त्याचा राग मला अजून येतो, माझाच.

लाव्हा खरंच कुंपणाखाली थांबला आणि काळा पडला. दोन दिवस आमचे साहेब शीळ घालत हिंडत होते. तिसऱ्या सकाळी तो कातळ कुंपणाच्या वर दिसायला लागला. वरून नवीन काही वाहत आलं नव्हतं. सायीखाली रस भरत होता आणि अख्खी जमीन फुलक्यासारखी फुगत होती. दुपारी ती चिरली, रस अंगणात आला. रस्ता केव्हाच बुजला होता. आम्ही किनाऱ्यानं पायी निघालो. मागं घर पेटल्याचा आवाज आला, पण राजारामांनी वळून पाहिलं नाही.

फेब्रुवारीत परत गेलो. झाड नाही, खांब नाही, समुद्रापर्यंत सगळं काळं. राजाराम दोन तास पावलं मोजत फिरले.

"अंजना, आपलं दार कुठं होतं गं?"

मलाही कळत नव्हतं. मी कुठंतरी बोट दाखवलं. ते तिथं गेले आणि चपला काढून उभे राहिले.