मामितच्या नावाची माती

साबिरबेकच्या घरी सून आली ती तालुक्याच्या माती तपासणी प्रयोगशाळेत नोकरी करणारी. नाव आयकानिश. चूय खोऱ्यातल्या त्या गावात सगळे साखरेचं बीट लावायचे, आणि ज्याचं पान जास्त हिरवंगार तो शेतकरी हुशार, असं साबिरबेकचं ठाम मत होतं. म्हणून सुनेनं जेव्हा सांगितलं, की तुमच्या मातीत नत्र भरपूर आहे, यंदा निम्मंच खत पुरे, तेव्हा त्याने चहाचा वाडगा खाली ठेवला. ही येऊन वर्ष झालं नाही, आणि मला शेती शिकवणार?

सुनेशी वाद घालणं शोभेना. त्याने गुपचूप त्याच शेतातली माती पुन्हा काढली, वाळवली आणि शेजारच्या मामितच्या नावाने प्रयोगशाळेत पाठवून दिली.

काही दिवसांनी आयकानिश कामावरून थेट मामितच्या अंगणात आली. साबिरबेक तिथेच गप्पा मारत बसला होता.

"मामितकाका, एवढा नत्र मी कुठल्याच मातीत बघितला नाही. दोन-तीन वर्षं खताचा दाणाही टाकू नका."

"मी कुठे माती पाठवली, पोरी?"

साबिरबेक डोंगरावरचं बर्फ बघायला लागला. आयकानिशच्या लक्षात आलं. मान खाली घालून तिने विचारलं, "ज्यांनी कोणी पाठवली, त्यांनी वाळवली कशावर?"

"पोत्यावर," साबिरबेक म्हणाला.

"कसल्या?"

"खताच्या. पण झटकून घेतलं होतं."

मामितला हसताना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सासरा-सून दोघं शेतात गेले. ठिकठिकाणची माती घेतली, स्वच्छ कागदावर वाळवली. उत्तर तेच आलं, निम्मं खत. साबिरबेकने ऐकलं, पण पाटाकडेच्या एका पट्टीला मी माझ्या मनासारखं देणार म्हणून अडून बसला. सुनेनं हरकत घेतली नाही.

उन्हाळ्यात ती पट्टी अशी माजली की तो लोकांना बोलावून दाखवायचा. शरदात बीट उपटलं, तेव्हा पानांखाली कंद बेताचेच निघाले, आणि कारखान्यात साखरही त्यांचीच कमी भरली. बाकीचं शेत मात्र झकास उतरलं.

घरी परतल्यावर मामितने चिडवलं, "मग, हरलास ना?"

साबिरबेकने त्या पट्टीचा गाडीभर पाला मेंढ्यांपुढे ओतला. त्या तुटून पडल्या.

"यांना विचार," तो म्हणाला, आणि आयकानिश डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून आत पळाली.