सोळाव्या दिवसाचा रंग

ते पत्र त्यांनी पुन्हा जाड पुस्तकाखाली सरकवलं आणि नातीच्या वहीत डोकं घातलं. पत्र येऊन नऊ वर्षं झाली होती. पहिले काही महिने ‘उद्या लिहू’ म्हणण्यात गेले. मग इतका उशीर झाला की उशिराबद्दल काय लिहावं हेच सुचेना.

“आजोबा, मी इथे आहे. पुस्तकाखाली नाही,” नात म्हणाली.

तिचा एमएस्सीचा प्रगत असेंद्रिय रसायनाचा पेपर चार दिवसांवर आला होता. त्यांनी विद्यापीठात एकतीस वर्षं हाच विषय शिकवला होता, तरी तिला शिकवताना ते चष्मा सारखा पुसत होते.

“हे कोबाल्टचं संयुग. शेंदरीचं पिवळं होतं, ते का?”

“नायट्राइटचा गट कोबाल्टला आधी ऑक्सिजनच्या बाजूने धरतो. तेव्हा स्फटिक शेंदरी. मग त्याला राहवत नाही. उलटा होतो, नायट्रोजनच्या बाजूने धरतो. पिवळा.”

“कुणी काही न करता?”

“नुसतं बाटलीत ठेवलं तरी. दोन आठवडे पुरेत.”

“बाई गं! म्हणजे मी शेंदरी करून द्यायचं, परीक्षकसाहेब सवडीने उघडणार आणि पिवळं बघून मला भोपळा देणार!”

ती हसली. ते उठले. खिडकी लावली, उघडली, पुन्हा लावली. दारापर्यंत जाऊन परत आले.

“आजी, बघ गं, यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या!”

“ते पत्र असेल,” आजी आतून म्हणाली. “नऊ वर्षं उबवतायत. अजून काही बाहेर आलं नाही.”

नातीने पुस्तक उचललं. ते नको म्हणाले नाहीत.

पत्र त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं होतं. प्रात्यक्षिक परीक्षेत तिने शेंदरी पदार्थ करून बाटली भरून दिली होती. सरांनी शेरा मारला, ‘पदार्थ चुकीचा’. ‘माझ्या हाताला गुणच नाही असं धरून मी प्रयोगशाळा सोडली,’ तिने लिहिलं होतं. ‘आता शाळेत गणित शिकवते. तक्रार नाही. तेव्हा मी चुकले होते का, एवढंच कळवा.’

नातीने वर पाहिलं.

“चुकली होती?”

“नाही.” ते भिंतीकडे बघत बोलले. “त्या पंधरवड्यात आजारी होतो. बाटल्या कपाटातच राहिल्या. सोळाव्या दिवशी उघडल्या. प्रत्येकाचा पदार्थ वेगळा, त्यामुळे ताडून बघायला दुसरी बाटली नव्हती. पण बाटलीवरच्या चिठ्ठीवर तारीख होती. पत्र वाचलं त्याच दिवशी सगळं लख्ख कळलं.”

“मग लिहा ना. आत्ता.”

तू की तुम्ही, यातच दोन कागद फुकट गेले. तिसऱ्यावर गट कसा उलटतो याचं पाऊण पान झालं, आकृतीसकट. नातीने ते ओढून घेतलं.

“हे मला पेपराला ठेवते. त्यांना काय करायचंय?”

चौथा कागद तिने मोठ्याने वाचला.

“‘तपासणीस सोळा दिवसांचा विलंब झाला. चिठ्ठीवरील तारीख पाहिली गेली नाही. त्यामुळे चुकीचा शेरा देण्यात आला.’” ती थांबली. “आजोबा, यात माणूसच नाही.”

“म्हणजे?”

“शेरा देण्यात आला. कोण आलं होतं द्यायला?”

“प्रयोगवहीत असंच लिहायचं असतं,” ते म्हणाले. “‘मी द्रावण गाळलं’ नाही, ‘द्रावण गाळण्यात आले’. मी किती जणांच्या वहीतला ‘मी’ लाल शाईने खोडलाय! तिच्याही.”

“ही प्रयोगवही आहे?”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. काढलं. मग पाचवा कागद घेतला आणि परीक्षेत शेजाऱ्यापासून उत्तर झाकावं तसा डावा हात आडवा धरून लिहू लागले. पहिली ओळ तिला दिसली: ‘तू चुकली नव्हतीस.’ त्याखाली तीनच ओळी होत्या, आणि तिन्ही एकाच अक्षराने सुरू होत होत्या. पुढचं वाचायला तिने मान उंचावली नाही.

पोस्टात त्यांच्यापुढे तिघे उभे होते. ते दोनदा रांग सोडून दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा मागे येऊन पुन्हा शेवटी उभे राहिले. खिडकीशी पोचल्यावर क्लार्कने पाकीट उलटसुलट केलं.

“काका, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही मागे.”

“हवाच का?”

“तसं नाही. पण यांचं घर बदललं असेल तर पत्र फिरतच राहील. आणि त्यांना उत्तर द्यायचं असेल तर?”

त्यांनी पाकीट परत घेतलं. बाजूला होऊन, दोरीला बांधलेल्या पेनाने, आधी नाव लिहिलं. मग पत्ता, घरक्रमांकासकट. शाई मध्येच तुटली तिथे अक्षर पुन्हा गिरवलं.

क्लार्कने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.