'काढ' म्हणणारा माणूस

"काढ!"

अच्युतराव गावंडे ओरडले आणि त्याच क्षणी शेजारी बसलेल्या यामिनीने लॅपटॉपवरचं बटण दाबून ती वेळ नोंदवली. भट्टीच्या तोंडातून तापून पिवळाजर्द झालेला लोखंडाचा ठोकळा बाहेर आला आणि दाबून सळई बनवणाऱ्या रोलांकडे सरकला. तिथे सांडशी घेऊन उभ्या असलेल्या कृष्णाने तो बरोबर धरून रोलात घातला.

"काका, आत्ताच का म्हणालात?" यामिनीने विचारलं. "मघाशी तर हा असाच दिसत होता."

"मंघा आतून कच्चा होता."

"कशावरून?"

अच्युतरावांनी भट्टीत बघायची निळी काच डोळ्यांवरून खाली घेतली. ती पुसत म्हणाले, "दिसते न बाई. मले सांगता नाही येत. दिसते."

"असू दे. तुम्ही फक्त 'काढ' म्हणत राहा. कॅमेरा शिकेल."

यामिनी पुण्याची इंजिनियर. भट्टीसमोर कॅमेरा आणि वर हिरवा दिवा बसवून देणाऱ्या कंपनीने तिला पंधरा दिवसांसाठी पाठवलं होतं. पंधरा दिवस अच्युतरावांनी बोलायचं, पुढे दिव्याने.

दर्यापूरहून मेहुण्याच्या ओळखीने अच्युतराव रायपूरजवळच्या उरला गावातल्या या सळ्यांच्या कारखान्यात आले, त्याला एकतीस वर्षं झाली होती. रायपूर तेव्हा साधं जिल्ह्याचं गाव होतं. मग वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, माळरानावर मंत्रालयं उठली. त्यातल्या कितीतरी सळ्यांना आपण 'काढ' म्हटलंय, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांची बायको प्रेमलाबाई गच्चीवरून धुतलेले कपडे झटकत खाली येत होत्या. झटकले तरी कारखान्याच्या धुराची काळी भुकटी जात नव्हती. याच भुकटीपायी गच्चीवर कुरडया घालणं त्यांनी कधीच सोडलं होतं.

"त्या मशिनीनं कोळसा कमी जळते म्हणे," अच्युतराव पायऱ्यांवर बसत म्हणाले. "धूर कमी होईल."

"धूर कमी, अन् तुमी?"

"मले गेटावर बसवतीन. ट्रकाच्या चिठ्ठ्या पाहाले."

प्रेमलाबाई थोडा वेळ खोकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "काहून खरं सांगून राहिले तिले? जरा आगंमागं सांगा न. शिकलीच नाही मशीन, तं तुमालेच ठेवतीन."

अच्युतराव हातपाय धुवायला उठले. पण दुसऱ्या दिवशी भट्टीसमोर बसताना ते शब्द त्यांच्यासोबत होते.

पहिला ठोकळा तांबडा झाला, मग नारिंगी. अजून दोन मिनिटं लागणार होती. आत्ताच 'काढ' म्हटलं तर मशीन चुकीचं शिकणार होती. त्यांनी तोंड उघडलं.

रोलांपाशी कृष्णा ओल्या गमछ्याने मान पुसत होता. त्याची नजर अच्युतरावांवर होती. कच्चं लोखंड रोलात अडकलं की मागची लाल सळई सापासारखी उसळते. चार वर्षांपूर्वी कृष्णाच्याच जागी काम करणाऱ्या बंडूची पोटरी तिने अशीच जाळली होती. त्या दिवशी अच्युतराव सुट्टीवर होते.

त्यांनी तोंड मिटलं. घाम डोळ्यांत उतरला, तो पुसला नाही. ठोकळा पिवळा झाला, कडा पांढुरक्या झाल्या.

"काढ!"

यामिनीने बटण दाबलं. "आज उशीर झाला का, काका?"

"नाही. बरोबर टायम आहे. लिहून घे."

उरलेले दिवस त्यांनी असेच काढले. कधी यामिनीने विचारायच्या आधीच दोन शब्द जास्त सांगायचे. पावसाळी हवेत रंग फसवतो, कोळसा ओला असला की फसवतो. ती भराभर टिपून घ्यायची. निघताना ती त्यांच्या पाया पडली. तिला काय आशीर्वाद द्यावा हे त्यांना सुचेना. "सांभाळून जा," एवढंच म्हणाले.

सोमवारी दिवा सुरू झाला. मॅनेजरने अच्युतरावांना तेवढी एक पाळी थांबायला सांगितलं होतं.

ठोकळा पिवळा झाला. कडा पांढुरक्या झाल्या. शब्द त्यांच्या ओठांवर आला आणि वर हिरवा दिवा लागला. अगदी त्याच क्षणी. अच्युतराव चकित होऊन दिव्याकडे बघत राहिले. अंतर पापणी लवण्याएवढंही नव्हतं.

ठोकळा बाहेर आला, पण कृष्णाची सांडशी उचललीच गेली नाही. तो अच्युतरावांच्या तोंडाकडे बघत होता.

"धर न, कृष्णा!"

"हव भैया!" कृष्णाने कसाबसा ठोकळा धरला.

दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळीही दिवा लागला आणि कृष्णाची नजर आधी इकडेच वळली.

"तिकडं पाह्य. दिव्याकडं," अच्युतराव ओरडले.

"आदत हे भैया," कृष्णा ओशाळून हसला.

चौथा ठोकळा नारिंगी होत होता. अच्युतराव स्टुलावरून उठले. शेडच्या दोन नंबरच्या खांबामागे गेले, जिथून ते कृष्णाला दिसणार नव्हते, आणि पाठ टेकून उभे राहिले. तिथून त्यांनाही भट्टी दिसत नव्हती. नुसता आवाज येत होता. लोखंड रोलात गेल्याचा, सरळ, कुठेही न अडकता.

पाळी सुटेपर्यंत ते तिथेच उभे होते.