गरजेलाच बोलणारा कॉम्प्युटर

“त्याला हात लावू नका साहेब!” शिवगंगाक्का दारातूनच ओरडल्या.

पुण्याहून आलेल्या कॉम्प्युटर इंजिनिअर कृष्णराजचा हात बटणापाशी थांबला. उमरग्याच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यातले वापरात नसलेले कॉम्प्युटर आज बंद व्हायचे होते. कृष्णराजच्या सॉफ्टवेअरनं तीन दिवसांत सगळं नेटवर्क आपणहून धुंडाळलं होतं. कुठं कोणतं मशीन आहे, ते काय काम करतं, कुणावाचून कुणाचं अडतं, याचा नकाशा लॅपटॉपवर रेघारेघांनी उभा राहिला होता. जिन्याखालच्या या जुन्या कॉम्प्युटरला मात्र एकही रेघ जोडलेली नव्हती.

“अक्का, तीन दिवसांत हा कुणाशी एक अक्षर बोललेला नाही.”

“रोज बोलतच न्हाय त्यो. रक्ताच्या फ्रिजमधला गारवा कमी झाला, की बोलतोय. बारा वर्षांत दोनदाच बोललाय. दोन्ही बारीला रक्त वाचलं.”

“पण तशी नोंद कुठंच नाही.”

“नोंद करणारे गेले बदलून. मी हाय की.”

अक्का मूळच्या टेलिफोन ऑपरेटर. पस्तीस वर्षांपूर्वी दवाखान्याचा फोनबोर्ड त्यांच्या हातात होता. पुढं बोर्ड गेला, तेव्हा मॅनेजरनं त्यांना केसपेपरच्या खिडकीत बसवलं. अक्का बसल्या, पण जेवणाच्या सुट्टीत नव्या केबल ओढणाऱ्यांच्या मागं हिंडत राहिल्या. दहावी झालेल्या बाईला काय कळणार, म्हणून ते हसायचे. वर्षभरात एखाद्या वॉर्डातलं नेटवर्क बंद पडलं, की तेच विचारू लागले, “अक्का कुठं हायत?”

“माझ्यावर इस्वास ठिवू नका,” त्या कृष्णराजला म्हणाल्या. “डोळ्यानं बघा.”

रक्तसाठ्याच्या खोलीत अयोध्या नावाची टेक्निशियन होती. अक्कांनी तिला फ्रिजमधला, त्या जुन्या कॉम्प्युटरला वायरनं जोडलेला तापमानाचा सेन्सर तेवढा बाहेर काढायला लावला आणि दार लगेच लावून घेतलं. मग तो सेन्सर त्यांनी मुठीच्या उबेत धरला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. कृष्णराजनं घड्याळ पाहिलं. अक्कांची मूठ सुटली नाही.

आणि अयोध्याच्या टेबलावरचा फोन खणाणला. पाठोपाठ नर्सच्या टेबलावरचा. लॅपटॉपवर त्या जुन्या कॉम्प्युटरच्या एकट्या चौकोनातून एक रेघ फुटली, मग दुसरी. मग तिसरी.

“तिसरी कुठं गेली?” अक्का पुढं वाकल्या.

“जनरेटरच्या खोलीत. तिथंही इशारा जातो.”

“अगं बाई! हे मला बी ठाव नव्हतं. तुमच्या मशीननं हुडकलं बगा!”

त्या लहान मुलीसारख्या हसल्या. कृष्णराजनं बंद करायच्या मशीनची यादी त्यांच्यापुढं ठेवली. “अक्का, हे सगळं एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. मी थांबतो.”

दुपारभर त्या सांगत राहिल्या, तो लिहीत राहिला. यादीतली आणखी दोन मशीन बंद होण्यापासून वाचली. शेवटी त्यानं विचारलं, “या नकाशावर माहितगार म्हणून तुमचंच नाव टाकू ना?”

“नगं. मी मार्चात रिटायर होतीय. अयोध्याचं टाका. तिला मी सगळं दावते.”

त्यानं अयोध्याचं नाव लिहिलं आणि तो चहाला गेला. अक्का एकट्याच राहिल्या. इतकी वर्षं ज्या जाळ्यात त्या वावरल्या, ते अख्खं कधी त्यांच्या नजरेसमोर आलंच नव्हतं. त्यांनी लॅपटॉपपुढं खुर्ची ओढली, पदरानं चष्मा पुसला आणि एकेका रेघेवरून त्या सावकाश बोट फिरवू लागल्या.