औषधाच्या खिडकीजवळचा बाक

मित्रांनो, मी एक बाक आहे आणि तुमच्या आजोबांपेक्षा थोडा जुनाच असेन. कुरकुरतो, पण मोडलेलो नाही. मला जायचं होतं बाळंतपणाच्या दवाखान्यात, म्हणून सुताराने माझी पाठ जरा कलती ठेवली. "पोटुशी बाई टेकली की तिच्या तोंडून 'हुश्श' आलं पाहिजे," म्हणायचा तो. आणि खरंच यायचं! मला भारी अभिमान वाटायचा.

पुढे मोठ्या सिस्टरांनी मला रांगेतून काढलं आणि औषधाच्या खिडकीजवळ एकट्याला ठेवलं. हेतू चांगलाच होता हो त्यांचा. तपासणीत काही बायकांच्या रक्तात एचआयव्ही सापडायचा. आईने रोज औषध घेतलं, तर बाळाला तो बहुतेक वेळा लागत नाही. या बायकांना ताटकळावं लागू नये, औषध चटकन हातात पडावं, म्हणून त्यांनी माझ्यावर बसायचं असं ठरलं.

झालं! जी गोष्ट कोणापाशी बोलायची नाही, ती माझ्यामुळे साऱ्या वस्तीला कळू लागली. माझ्यावर बसली की ती 'त्यातली'. समोरच्या बायका मुलांना माझ्यापासून ओढून घ्यायच्या, जसा काही मी चावतोच! अहो, शेजारी बसून हा आजार लागत नाही. पण घाबरलेल्या माणसाला कोण समजावणार?

माझ्या अगदी टोकाला एक शिवणकाम करणारी बसायची, मान खाली घालून. तिची सासू फाटकाबाहेर थांबायची. सासूला यातलं काही ठाऊक नव्हतं. एकदा सासूबाई पाणी प्यायला आत आल्या. त्यांना बघताच ही ताडकन उठली, भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि औषध न घेताच घरी गेली. नंतर आलीच नाही. पोट तर चांगलं दिसायला लागलं होतं. मला तिच्या बाळाचा घोर लागला.

तिच्यासारख्या आणखीही निघून गेल्या. वरचे साहेब म्हणाले, "बायकाच निष्काळजी, दुसरं काय!"

मग संशोधक बाई आल्या. आया औषध मध्येच का सोडतात, हे शोधायचं त्यांचं काम. विचारून विचारून थकल्या. उत्तर एकच, "वेळ नाही मिळत, बाई." त्यांनाही दिवस गेलेले होते. एका सकाळी सगळे बाक भरलेले, मी तेवढा मोकळा. कंबर धरून त्या माझ्यावर टेकल्या.

समोर कुजबुज सुरू झाली. "चांगल्या घरची दिसते गं."

"असेना. त्यातलीच ती."

नवा शिपाई जवळ येऊन म्हणाला, "बाई, तुमचं औषध या खिडकीत मिळतं हं."

बाईंचे कान लाल झाले. ओळखपत्र पिशवीतच होतं. ते काढलं असतं, तर सगळे गप्प बसले असते. त्यांनी काढलं नाही. दवाखाना बंद होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

सगळे गेल्यावर त्या सिस्टरांना म्हणाल्या, "सिस्टर, बायका औषध टाळत नाहीत. हा बाक टाळतात."

"अहो, मी त्यांच्या भल्यासाठीच केलं!"

"माहीत आहे मला. पण उद्या तुम्ही बसून बघा इथे."

सिस्टर तेव्हाच बसल्या. समोरचे सगळे बाक आपल्याकडेच तोंड करून आहेत, हे त्यांना दिसलं. मग डोळे पुसून त्यांनी मला एका बाजूने उचललं. दुसऱ्या बाजूने शिपायाने धरलं. मी परत रांगेत आलो. आणि औषध? प्रत्येक गरोदर बाई तपासून घ्यायला आतल्या खोलीत जातेच. तिथेच ते मिळू लागलं, सगळ्यांना देतात तसल्याच पिशवीतून.

बाईंनी सिस्टरांकडून त्या शिवणवालीचा पत्ता घेतला आणि आपला घट्ट झालेला कुर्ता घेऊन त्या तिच्याकडे गेल्या; हे मी नंतर त्यांच्याच तोंडून ऐकलं. सासूबाई चहा ठेवायला उठल्या, तेवढ्यात सगळं सांगितलं. मशीन थांबलं.

"सगळ्यांबरोबर बसायचं?" तिने विचारलं.

"सगळ्यांबरोबर."

ती आली. माझ्या मधोमध बसली, दुसऱ्या दोघींच्या मध्ये. तिला मुलगी झाली. पोर चालायला लागली, तेव्हा तिच्या रक्ताची शेवटची तपासणी होती. आई आतून बाहेर आली आणि माझ्यावर कोसळलीच. पोरीला काही झालेलं नव्हतं! ती हमसून हमसून रडू लागली. शेजारच्या अनोळखी बाईने काहीएक विचारलं नाही. पोरीला आपल्या मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "रड गं तू. मी धरलंय हिला."

ज्या आधी निघून गेल्या, त्यातल्या सगळ्या काही परतल्या नाहीत. त्यांच्या बाळांचं काय झालं, कोण जाणे. आठवण आली की आजही जीव तुटतो.

मला नवा रंग दिला नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण एखाद्या आजाऱ्याला वेगळी जागा दाखवायला तुमचा हात वर जाईल ना, तेव्हा तो खाली घ्या. जरा सरका आणि त्याला शेजारी बसू द्या.