भांडगावचं विमान

आमची विमान कंपनी बुडाली तेव्हा मी हवेत होते. खरंच हवेत. दिल्लीहून येणाऱ्या विमानात लोकांना पाणी देत होते, आणि खाली उतरल्यावर कळलं की आता कंपनी नाही. आम्हाला न्यायला गाडीसुद्धा आली नाही.

त्याला चार वर्षं झाली. मी केडगावला आईकडे परत आले, कुरकुंभच्या एका कारखान्यात रिसेप्शनला बसले, आणि गावानं मला एकाच प्रश्नानं भंडावून सोडलं. "तेजे, तुझी कंपनी उठती का न्हाई परत?" जणू ती आमच्याच घरात आजारी पडली होती.

या फेब्रुवारीत नव्या मालकांचं पत्र आलं. जुन्या लोकांना परत घेतोय, एक मार्चला हजर व्हा. पत्रावर आमचाच निळा पक्षी. मी रडले, खोटं कशाला बोलू. माझं वय चौतीस. दुसरी कुठलीही कंपनी आता मला दारात उभं करणार नव्हती. परत उडायचं तर हीच एक. त्याच दिवशी कुरकुंभला राजीनामा दिला. साहेब म्हणाले, महिनाभर थांबा, बघा काय होतंय. मी म्हटलं, सर, चार वर्षं थांबलेच आहे की.

हजर कुठं व्हायचं, तर आमच्याच तालुक्यातलं भांडगाव. मला वाटलं छपाईची चूक असेल. मुंबई म्हणायचं असेल, गेला बाजार पुण्याचं लोहगाव विमानतळ.

चूक नव्हती. सोलापूर हायवेच्या कडेला, उसाला लागून आमचं विमान उभं होतं. पंख कापलेले, चाकांच्या जागी सिमेंटचे ठोकळे, शेपटीवर पक्षी नव्यानं रंगवलेला. आणि दारावर पाटी: व्हेज-नॉनव्हेज, फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

सामोरे आले ते विक्रमशेठ, कासुर्डीचे प्लॉटिंगवाले. नव्या मालकांत त्यांचाही वाटा.

"मॅडम, ही नुस्ती सुरुवात हाय," ते म्हणाले. "लोकांच्या डोळ्यापुढनं नाव जायला नको. परमिट आलं की विमानं सुरू. तवर तुम्ही इथं. आन् पयल्या विमानाला नावं इथल्या हजेरीवरचीच घ्यायची, आपलं ठरलंय."

"परमिटचा अर्ज केलाय का?"

"ते दिल्लीवाले बघत्यात."

"आपल्याकडे विमानं किती?"

"हे की."

मला युनिफॉर्म दिला. दौंडला शिवून आणलेला, कापड असं चकचकीत की काडी लावली तर भुर्रकन पेटेल. नऊ वर्षं मी गावाला सांगत आले होते की मी वाढपी नाही. चहापाणी हे वरचं काम. माझं खरं काम, वेळ आली तर नव्वद सेकंदांत अख्खं विमान रिकामं करणं. त्याची दरवर्षी परीक्षा असते. कुणाला कधी पटलं नाही, ते सोडा.

उद्घाटनाला आई आली, नवं लुगडं नेसून. विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, आणि देवाचं काहीतरी आहे असं समजून लोकांनी शिडीखाली चपला काढल्या. आतून मटणाचा वास येत होता.

सवयीनं मी आत शिरून आधी दरवाजे बघितले. मागचे दोन्ही पत्रा ठोकून बंद, कारण तिथं भटारखाना. तीन सिलेंडर. पंखांवर उघडायच्या मधल्या दारांना प्लायवूड मारून तिथं हात धुवायची बेसिनं बसवलेली. आत यायला आणि बाहेर पडायला पुढचं एकच दार.

"विक्रमशेठ, आग लागली तर हे लोक जातील कुठून?"

"मॅडम, विमान जमिनीवर हाय. पडून पडून पडंल कुठं?"

सगळे हसले. आईसुद्धा हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चेहरा हसराच राहिला. तेवढं ट्रेनिंग पक्कं आहे माझं.

साडेबाराला डेमो. विक्रमशेठनी माईकवर सांगितलं की आता खऱ्या एअर होस्टेस खरं करून दाखवणार. मी मधल्या वाटेत उभी राहिले. पट्टा असा लावायचा, असा काढायचा. लोकांच्या तोंडात घास आणि हातात मोबाईल. मग दोन्ही हात पसरून पंखांवरचे दरवाजे दाखवायचे असतात. मी हात पसरले. उजव्या हाताच्या टोकाला एक गृहस्थ बेसिनपाशी खळाखळा चूळ भरत होते. त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं, घसा खाकरला आणि थुंकले.

शिसारी आली मला. नऊ वर्षांत एकदाही न चुकलेलं वाक्य तोंडातून बाहेर येईना. माईक माझ्या हातात होता. त्याच गोड आवाजात मी म्हणाले, "या विमानाचे आपत्कालीन दरवाजे बंद करण्यात आले आहेत. आग लागल्यास आपल्याला बाहेर पडता येणार नाही. आमची कंपनी पुन्हा उडणार नाही. धन्यवाद."

टाळ्या पडल्या. शिट्ट्यासुद्धा. एका बाईला हसता हसता ठसका लागला.

विक्रमशेठ डोळे पुसत आले. "लय भारी, मॅडम. हे रोज म्हणायचं."

शिडीखाली आई तिची चप्पल शोधत होती. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "उडायचं न्हाई, पडायचं न्हाई. आन् रोज घरला येशील." इतकी वर्षं माझ्यापायी जिवाला घोर लागलेली बाई ती, तिला काय बोलणार. मी खाली वाकून तिची चप्पल शोधून दिली.

तेवढ्यात विक्रमशेठनी हजेरीचं रजिस्टर पुढं केलं. कंपनी उडणार नाही हे आत्ताच माझ्या तोंडानं मी माईकवर सांगितलं होतं. तरी पेन घेतलं. कारण समजा, समजा हं, सुरू झालीच, तर नावं याच पानावरून उचलणार. मी सही केली. विक्रमशेठची किळस येते असं सगळ्यांना सांगते मी, पण सही करताना आली ती माझीच होती.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला परत वाटेत उभी राहिले आणि हात पसरले. आदल्या दिवशीचा व्हिडिओ तालुकाभर फिरला होता. मी तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला लागले.