माझी जाऊ ओळी तोडते

मी एक जुनी कळ आहे. नाही नाही मित्रांनो, पोटात येते ती नव्हे, कीबोर्डवर असते ती! उजव्या कोपऱ्यात, आकड्यांच्या रांगेच्या टोकाला बसते ती. माझं नाव बॅकस्पेस. माझ्या अंगावर डावीकडे तोंड केलेला एक बाण होता. बोटं फिरून फिरून तो पुसून गेला. आता नवखा माणूस मला बघतो, "ही कसली बरं?" म्हणतो आणि दाबतो. मग त्याचं एक अक्षर मी खाते, तेव्हा कुठे आमची ओळख होते.

माझं काम सोपं आहे. दुसऱ्यांच्या चुका पोटात घालायच्या. कुणी "आदरणीय"च्या जागी "आचरणीय" लिहितं, कुणी रागाच्या भरात भलतंसलतं लिहून बसतं, ते सगळं मी निमूटपणे गिळते. आजवर एका शब्दानं बाहेर बोलले नाही.

माझ्या बरोबर खाली एन्टर बसते. ती माझी जाऊ. आम्ही वेगवेगळ्या साच्यांतून निघालो आणि एका कीबोर्डात नांदायला आलो, म्हणजे जावाच की! ती अंगानं आडवी, दोन मजली. मी एका खोलीत काटकसरीनं राहणारी. मी वर बसते म्हणून थोरली मी. पण ती म्हणते, "जागा कोणाची जास्त, ते बघा आणि मग बोला."

आमची पहिली काही वर्षं संगणक शिकवणाऱ्या एका वर्गात गेली. तिथली मुलं काम पुरं झालं की ऐटीत हात उचलायची आणि एन्टरवर ठाणकन आपटायची. सगळ्या खोलीला ऐकू जायचं. मला मात्र दाबायची ती "श्शी!" म्हणत. मिरवायला ती आणि भांडी घासायला मी! एकदाच तिथल्या बाई मुलांना म्हणाल्या होत्या, "अरे, ही कळ नसती ना, तर लिहायला कोणी धजलंच नसतं." तेवढ्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

मग नवे कीबोर्ड आले आणि आमची रवानगी खोक्यात झाली. वायरीच्या गुंत्याखाली, धूळ खात. अंधारातही जाऊबाईंचा तोरा कमी नव्हता. "माझ्यावाचून त्यांचं अडेल," म्हणायची. कुणाचं काही अडलं नाही. शेवटी त्या बाईंनीच एक दिवस आम्हाला खोक्यातून काढलं, फडक्यानं पुसलं आणि घरी नेलं, आपल्या आत्यासाठी.

आता ही आत्या म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगते. एका मोठ्या कचेरीच्या टंकलेखन खोलीत तिच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. टाइपरायटर बडवणारी बोटं! तिनं पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा आमच्या पायाखालची पाटी हादरली. दोन सवयी ती तिथून घेऊन आली होती. एक म्हणजे, नवा परिच्छेद सुरू करताना खालची लांब पट्टी दाबून पाच घरं सोडायची. सोडायची म्हणजे सोडायचीच. आणि दुसरी सवय घंटीची.

टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते. मग डाव्या हातानं दांडा लोटायचा, की कागद एक ओळ वर सरकतो आणि पुढची ओळ सुरू होते. आमच्याकडे ना घंटी, ना दांडा. इथे ओळ भरली की शब्द आपला आपण खाली जातो. भाचीनं, म्हणजे आमच्या वर्गातल्या बाईंनी, हे तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. पण आत्याचा विश्वास बसेल तर शपथ! ओळ संपत आली की ती तोंडानंच "टिंग!" म्हणायची, डावा हात दांडा लोटायला वर उठायचा आणि तिथे ठेवलेली चष्म्याची डबी टेबलाखाली जायची. मग "अगं बाई, इथे दांडा नाही" असं पुटपुटत ती एन्टर दाबायची. प्रत्येक ओळीला टिंग, प्रत्येक ओळीला डबी, प्रत्येक ओळीला एन्टर. माझी जाऊ तर फुगून टम्म झाली. "बघा, मला किती मान आहे!"

मला हे दिसत होतं, की ही बया नको तिथे ओळी तोडून ठेवते आहे. पण मला कोण विचारतो?

एक दिवस आत्याच्या जुन्या कचेरीतून निरोप आला. सगळ्या जुन्या मंडळींची स्मरणिका निघणार होती. टंकलेखन खोलीबद्दल आत्यानं लिहावं, असं कुणीतरी सुचवलं होतं. आणि संपादक कोण? तर मोठे साहेब! हे मोठे साहेब आत्याला कायम म्हणत, "बाई, तुमचं काम टाइप करायचं. विचार करायला आम्ही आहोत." आत्यानं जन्मभर हजारो कागद टाइप केले, पण खाली सही नेहमी दुसऱ्याची. हा पहिला कागद, ज्याच्यावर तिचं नाव येणार होतं.

तिनं मन लावून लिहिलं. खिडकीपाशी कोण बसायचं, कुणाचं यंत्र कुणाला चालायचं नाही, सगळं. आणि साहेबांबद्दलही लिहिलं. साहेब मजकूर सांगायला लागले की थांबत नसत. श्वास केव्हा घेत तेही कुणाला कळलं नाही. पूर्णविराम कुठे द्यायचा, परिच्छेद कुठे पाडायचा, हे त्या खोलीतल्या बायकाच ठरवायच्या. हे वाक्य लिहून ती मला दाबायला आली, थबकली आणि म्हणाली, "राहू दे. खरं आहे ते." मी ते वाक्य खाल्लं नाही, आणि मला फार बरं वाटलं.

लेख गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचं उत्तर आलं.

"बाई, आपली कविता मिळाली. स्मरणिकेत कविता घ्यायच्या नाहीत असे ठरले आहे. लेख असल्यास आज सहापर्यंत पाठवावा. नाहीतर ती जागा गादीवाल्याच्या जाहिरातीला जाईल."

"कविता?" आत्या खुर्चीतून उठलीच. "मी? अगं, मी शाळेतसुद्धा कधी कविता केली नाही!"

साहेबांनी त्यांच्या पानाचं चित्र सोबत जोडलं होतं. त्यात आत्याचा लेख असा दिसत होता:

आमच्या खोलीच्या खिडक्या सकाळी सगळ्यांच्या
आधी येऊन
उघडायचं काम माझं असे. खिडकी उघडली की
कालचे कागद
उडत आणि ते गोळा करता करता माझी सकाळ
सुरू होई.

आत्यानं ते दोनदा वाचलं. "वाचायला बरी वाटते हो," ती हळूच म्हणाली. मग भानावर आली आणि तिनं भाचीला कामावर फोन लावला.

"आत्या, तू प्रत्येक ओळीला एन्टर मारतेस ना, त्याचा हा प्रताप," भाची म्हणाली. "त्यांचं पान अरुंद आहे. तुझी ओळ तिथे मावत नाही, उरलेले शब्द खाली पडतात, आणि त्यांच्यापुढे तुझा एन्टर उभाच! मी लवकर निघते आणि नीट करते. तोवर तू हात लावू नकोस."

"नाही लावत," आत्या म्हणाली, आणि फोन ठेवून लगेच हात लावला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तेव्हा सुरू झालं. आत्या पुढच्या ओळीच्या तोंडाशी यायची आणि मला दाबायची. मी मधली तोड खायची. ती एक घर सोडायची, की दोन्ही ओळी गुण्यागोविंदानं एक व्हायच्या. खालून जाऊबाई धुसफुसत होत्या. "मी बांधलेलं मोडतेस?" मी म्हटलं, "बांधलेलं? तोडलेलं म्हण!"

पण आमचं सुख कुठलं टिकायला! जोडलेली ओळ पानाच्या कडेपर्यंत पोचली रे पोचली, की आत्याच्या तोंडून निघायचं, "टिंग!" डबी खाली, आणि बोट एन्टरवर! मी जोडायची, तिनं तोडायची. मी पुन्हा जोडायची, तिनं पुन्हा तोडायची. बराच वेळ आम्ही अशा खपलो आणि लेख होता तिथेच. पाच वाजून गेले होते. आत्याच्या कपाळाला घाम आला. तिनं धीर यावा म्हणून एक बिस्किट खायला घेतलं.

आणि त्या बिस्किटाचा एक कण माझ्या बाजूच्या फटीत पडला.

आत्यानं मला दाबलं. मी खाली गेले ती खालीच. वर येता येईना! आणि मी खाली असले की मी खातच सुटते, माझा इलाज नसतो. आधी एक शब्द गेला. मग ओळ. मग मैत्रिणी गेल्या, कागद गेले, खिडक्या गेल्या. मी मनात ओरडत होते, "अहो, उचला मला कुणीतरी!" आत्या दोन्ही हातांनी संगणकाचा पडदा धरून म्हणत होती, "थांब गं! थांब ना गं बाई!" जन्मभरात तिचं स्वतःचं म्हणून जे काय लिहिलेलं होतं, ते मी तिच्या डोळ्यांदेखत गिळत होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात दार उघडलं आणि भाची आली. तिनं पर्स टाकली आणि आमची वायरच उपटली. मी थांबले.

"सगळं गेलं," आत्या म्हणाली.

"काही जात नाही. परत येतं." भाचीनं उंदराला हाती धरलं, म्हणजे माउसला, आणि मागे फिरवायची खूण दाबत गेली. खिडक्या आल्या, कागद आले, मैत्रिणी आल्या. मग तिनं केसातली पिन काढली, मला अलगद उचकटलं, कण झटकला, टकदिशी परत बसवलं आणि वायर पुन्हा जोडली. जाऊबाई चक्क म्हणाल्या, "लागलं का गं?" मी म्हटलं, "नाही." थोडं लागलं होतं.

"आता एकेक ओळ जोडत बसायला वेळ नाही," भाची म्हणाली. तिनं पडद्यावर एक छोटी खिडकी उघडली. वरच्या चौकटीत ओळ तोडायची खूण, खालच्या चौकटीत एक मोकळं घर, आणि "सगळे बदला". झालं! ज्याच्यासाठी मी दुपारभर मर मर मेले, ते पापणी लवायच्या आत झालं. नाही म्हटलं तरी माझ्याही पोटात कळ आली.

आत्या चष्मा लावून वाचायला लागली. शीर्षक, तिचं नाव, खिडक्या, साहेब, सगळं एका दमात, कुठे थांबायला जागाच नाही! वाचता वाचता तिला धाप लागली. "अगं, हे काय? परिच्छेदसुद्धा गेले! साहेब मजकूर सांगायचे, तस्सं झालंय हे!"

भाचीनं जीभ चावली. "तेही एन्टरच होते ना. सगळं परत फिरवते."

"थांब!" आत्या पडद्यावर वाकली. "ही बघ फट. आणि ही दुसरी. अगं, माझी पाच घरं! परिच्छेदाला सोडलेली! ती कुठेच गेली नाहीत!"

खरंच की! ओळींची सवय नडली, पण घरांची सवय कामाला आली. आत्या खुर्चीत सरसावून बसली. फट दिसली की आधी मी ती मोकळी घरं खायची, मग जाऊबाईंनी तिथे ओळ तोडायची. मी आणि ती, मी आणि ती. पहिल्यांदाच आमच्यात एकदाही खटका उडाला नाही. आणि प्रत्येक वेळी आत्या म्हणायची, "टिंग!" आता ते बरोबर जागी होतं. मित्रांनो, खरं सांगते, त्या दिवशी मला जावेचा अभिमान वाटला. मी सगळं जोडत बसले असते, तर वाचणाऱ्यानं श्वास कुठे घेतला असता?

सहाच्या आत लेख गेला. आत्या खुर्चीत मागे रेलली आणि फोनकडे बघत बसली. फोन वाजला. मोठे साहेब! भाचीनं आवाज मोठा केला, म्हणून आम्हालाही ऐकू आलं.

"बाई लेख मिळाला आणि वाचला आणि मला सांगायचंय की माझ्या पत्रांतले परिच्छेद फार सुरेख असतात असं वरच्या कचेरीतून मला नेहमी कळवत आणि मी ते खरं मानत आलो आणि आता तुम्ही लिहिता की ते तुम्ही पाडत होतात आणि हे सगळ्यांसमोर छापायचं म्हणजे लोक काय म्हणतील आणि त्यापेक्षा तो भाग गाळला तर बरं नाही का आणि शिवाय गादीवालाही दोनदा विचारून गेला आणि—"

आत्या पांढरी पडली होती. तिची बोटं माझ्यावर येऊन टेकली. वाटलं, आता म्हणणार, "बरं साहेब, गाळते." मी अंग चोरलं.

तिनं बोटं उचलली आणि फोनमध्ये म्हणाली, "टिंग!"

पलीकडचं "आणि" तिथेच तुटलं. "काय?" साहेब म्हणाले.

"ओळ संपली, साहेब. इथे परिच्छेद पाडा."

मग पलीकडून हसू ऐकू आलं, आधी दबकं, मग खो खो. "पाडला," साहेब म्हणाले. आणि त्यांनी चक्क श्वास घेतला. "छापतो, बाई. एक अक्षर गाळत नाही."

"आणि गादीवाला?"

"तो झोपेल मागच्या पानावर!"

आत्यानं फोन ठेवला आणि तोंडावर पदर धरून रडली, हसली, पुन्हा रडली. स्मरणिका आली तेव्हा ती आमच्यासमोर उघडी ठेवली होती. सगळ्यात वर तिचं नाव होतं. खाली दुसऱ्या कुणाचीही सही नव्हती.

तर मित्रांनो, पानाच्या कडेला आलात म्हणून घाबरून तोडू नका. ओळीला आपली आपण वळू द्या. म्हणणं संपलं, की मग खुशाल माझ्या जावेला हाक मारा. ती स्वभावानं वाईट नाही. चुकलात तर मी आहेच, सगळं पोटात घालीन. फक्त बिस्किट तेवढं बशीत खा.